पान दिसेनासे झाल्यावर



गेले दोन महिने या सदरात खंड पडला. कारण घरगुती आहे, परंतु ते सांगितल्यावाचून आजचा विषय मांडता येणार नाही. नागपूरहून आई साठ दिवसांच्या भेट-व्हिसावर सिलिकॉन ओएसिसमध्ये आमच्याकडे आली होती. काचबिंदूने तिची उजवी दृष्टी पूर्ण गेली आहे. डाव्या डोळ्याने समोरचे थोडेसे दिसते, तेही नळीतून पाहावे तसे. चालताना वाट कळते, माणूस कळतो, पण छापील ओळ डोळ्यांत ठरत नाही.

उत्तर नागपुरातील आमच्या वस्तीच्या विहारात आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत, म्हणजे वर्षावासाचे तीन महिने, रोज सायंकाळी बाबासाहेबांच्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन होते. आपल्यापैकी बहुतेकांच्या गावी होते तसेच. वाचक म्हणून वीस-बावीस वर्षे आई बसत असे. तिची आई, म्हणजे आमची आजी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी दीक्षाभूमीवर होती, पण आजीला अक्षरओळख नव्हती. आईचा जन्म त्यानंतरच्या वर्षी झाला. ती शिकली आणि जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका झाली. आजीच्या पिढीतल्या बायका विहारात तिच्यासमोर बसून ऐकत. दोन वर्षावासांपूर्वी तिने ग्रंथ दुसऱ्याच्या हाती दिला आणि स्वतः मागच्या रांगेत जाऊन बसली. हे तिने आम्हांला कधी सांगितले नाही. ते कळले भाच्याकडून.

दुबईस आल्यावर पहिल्याच रविवारी आम्ही तिच्या शेजारी बसून ग्रंथ वाचू लागलो. दोन पाने ऐकून ती म्हणाली, "तुम्ही वाचता छान, पण मला वाचून दाखवू नका. मला वाचायचं आहे."

त्याच सायंकाळी आमच्या इमारतीच्या लिफ्टमध्ये आणखी एक वाक्य आले. मजल्याचे नाव लिफ्ट इंग्रजीत आणि अरबीत उच्चारते, आणि बटणांवर ब्रेलचे ठिपके आहेत. आईने ते ठिपके बोटांनी चाचपले आणि विचारले, "लिफ्ट बोलते, मग पुस्तक का बोलत नाही?" आम्ही सॉफ्टवेअर अभियंते. असा प्रश्न घरातच पडल्यावर गप्प बसणे शक्य नव्हते.

पहिली चूक आमचीच. आम्ही घाईघाईने सहा इंची पडद्याचा एक ई-रीडर विकत आणला, स्वतःच त्यात वाय-फाय जोडले, खाते उघडले, पुस्तके भरली, अक्षरे मोठ्यात मोठी केली आणि भेट म्हणून आईच्या हाती दिला. एवढ्या मोठ्या अक्षरांत एका पानावर जेमतेम दहा-बारा शब्द मावत. वाक्य पुरे होण्याआधीच पान उलटावे लागे, आणि उलटण्यासाठी पडद्यावर नेमके कोठे बोट ठेवावे हे दिसत नसे. बोट चुकले की कुठलीशी यादी उघडे आणि तिथून परत येणे तिला जमत नसे. मग ती हाक मारी. दिवसातून दहा वेळा हाक मारावी लागली, तेव्हा तिने यंत्र कपाटात ठेवून दिले. ज्या परावलंबनाचा तिला उबग आला होता, तेच आम्ही तिला खोक्यात घालून दिले होते.

येथे यंत्रांविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण आपल्या अनेक घरांतील वडीलधारी माणसे आता याच वयात आहेत.

ई-इंकचा पडदा फोनच्या पडद्यासारखा डोळ्यांवर प्रकाश फेकत नाही, तो छापील कागदासारखा दिसतो. ज्यांची दृष्टी थोडी शिल्लक आहे त्यांना त्याचा खरा लाभ होतो, मात्र पडदा मोठा हवा. सहा इंचांऐवजी दहा इंचांचा घ्यावा, पान उलटण्यास खरीखुरी बटणे असतील तर उत्तम, आणि काळ्या पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरे करण्याची सोय आहे का ते पाहावे. काचबिंदू असणाऱ्यांना पुष्कळदा अक्षराच्या आकारापेक्षा त्याचा ठळकपणा अधिक उपयोगी पडतो. आमच्या आईच्या बाबतीत हा मार्ग संपलेला होता, पण ते उमजायला आम्हांला दोन आठवडे लागले. डोळ्यांच्या डॉक्टरांना आम्ही एक साधा प्रश्न आधीच विचारायला हवा होता: वाचनापुरती दृष्टी उरली आहे का, आणि ती किती काळ टिकेल?

दृष्टी त्या कामास पुरत नसेल, तर उरतो आवाज. यंत्राच्या आवाजाचा इतिहासही थोडा सांगण्यासारखा आहे. किंडल १९ नोव्हेंबर २००७ रोजी बाजारात आले, आणि तारेशिवाय पुस्तक थेट हातात येण्याची नवलाई तेव्हापासूनची. २००९ च्या फेब्रुवारीत आलेल्या दुसऱ्या आवृत्तीला मजकूर मोठ्याने वाचता येऊ लागला. त्यावर अमेरिकेतील लेखकांच्या संघटनेने, ऑथर्स गिल्डने, आक्षेप घेतला की मोठ्याने वाचणे हा श्राव्य आवृत्तीचा हक्क आहे आणि तो आम्ही विकलेला नाही. ॲमेझॉनने माघार घेतली आणि कोणते पुस्तक बोलेल, कोणते मुके राहील, हे ठरवण्याची मुभा हक्कधारकांना दिली. एप्रिल २००९ मध्ये अंध वाचकांनी न्यूयॉर्कमध्ये त्या संघटनेच्या कार्यालयाबाहेर निदर्शने केली. त्याच वर्षी ॲरिझोना स्टेट विद्यापीठाने पाठ्यपुस्तकांसाठी किंडल वापरायला घेतले. त्या यंत्रातील याद्या अंध विद्यार्थ्यांना वापरता येत नाहीत, म्हणून अंधांच्या संघटना न्यायालयात गेल्या, आणि जानेवारी २०१० मध्ये तडजोड झाली.

एखाद्याने ऐकावे की नाही हे दुसऱ्याने ठरवायचे, ही कल्पना आपल्याला नवी नाही. ज्यांच्या पूर्वजांच्या कानांसाठी धर्मसूत्रांत तापलेल्या शिशाची शिक्षा लिहिलेली होती, त्यांना हा वाद परका वाटू नये. अर्थात न्यूयॉर्कच्या लेखकांचे आणि सूत्रकारांचे हेतू एक नव्हते. लेखकाच्या पोटाचा प्रश्न खरा असतो, हेही मान्य केले पाहिजे.

पुढे २०१२ च्या पेपरव्हाइटमधून ध्वनी वगळला गेला आणि ई-इंकची किंडल काही वर्षे मुकीच राहिली. २०१६ मध्ये व्हॉइसव्ह्यू नावाचा पडदावाचक ब्लूटूथ हेडफोनसह आला. आता नवशिक्यास अडवणारी खरी गाठ पाहा. आवाज ऐकायला हेडफोन जोडावा लागतो, जोडण्याची यादी पडद्यावर असते, आणि पडदा दिसत नाही म्हणून तर आवाज हवा असतो! यावर उपाय असा की हेडफोन जोडणीच्या स्थितीत ठेवून यंत्राचे चालू-बंद बटण काही सेकंद दाबून धरायचे, सोडायचे आणि दोन बोटे एकमेकांपासून दूर ठेवून पडद्यावर टेकवायची. किती सेकंद, हे आवृत्तीनुसार बदलते. खोक्यातील कागद घरातल्या डोळसाने एकदा वाचून ते सांगून ठेवावे. त्यानंतरच्या हालचाली सर्व पडदावाचकांत जवळजवळ सारख्याच असतात, मग तो किंडलचा व्हॉइसव्ह्यू असो, अँड्रॉइडचा टॉकबॅक असो वा आयफोनचा व्हॉइसओव्हर. बोट फिरवले की खाली काय आहे ते ऐकू येते, उजवीकडे सरकवले की पुढची वस्तू येते, आणि दोनदा टिचकी मारली की ती उघडते. एवढ्या तीन गोष्टी हातात बसल्या की निम्मे काम झाले.

वाय-फायची गोष्ट वेगळी सांगतो. घरचे जाळे एकदा जोडले की त्रास नाही. परंतु हॉटेल, विमानतळ, रुग्णालय येथे आधी एक पान उघडते, त्यात फोन क्रमांक लिहा, मग आलेला संकेतांक लिहा, असा प्रकार असतो. लहान ई-रीडरवर ते पान पडदावाचकाने पार करणे म्हणजे शिक्षाच. आपल्या फोनचा हॉटस्पॉट चालू करावा आणि मोकळे व्हावे.

एवढे सारे शिकून आम्ही यंत्र पुन्हा कपाटातून काढले आणि एका नव्या भिंतीला जाऊन थडकलो. इंग्रजी पुस्तक ते झकास वाचे, मराठी पान उघडले की एक अक्षरही बोलेना. मराठी पुस्तके ई-रीडरवर दिसतात आणि विकलीही जातात. परंतु दिसणे आणि बोलणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि विकत घेण्यापूर्वी हे आम्ही तपासले नव्हते. आमच्या व्यवसायातल्या माणसाने अशी चूक करावी, याची थोडी लाजच वाटली.

म्हणून आमचा सल्ला सरळ आहे. वाचक इंग्रजीत रमणारा असेल तर बोलणारा ई-रीडर अवश्य घ्यावा. वाचन मराठीत करायचे असेल तर अँड्रॉइड फोन किंवा टॅब्लेट घ्यावा आणि त्यात टॉकबॅक आणि गूगलचा मराठी आवाज चालू करावा. अँड्रॉइडवर चालणारे ई-इंकचे टॅब्लेटही मिळतात, पण दुकानातच टॉकबॅक चालू करून, मराठी पान उघडून, कानाने खात्री केल्याशिवाय पैसे देऊ नयेत. वाचण्यासाठी डॉल्फिन कंपनीचे 'ईझीरीडर' हे ॲप मुळात दृष्टिबाधित वाचकांसाठीच बनलेले आहे. ज्या वडीलधाऱ्यांचे गुळगुळीत काचेवर जमतच नाही, त्यांच्यासाठी बटणांचे 'व्हिक्टर रीडर स्ट्रीम'सारखे यंत्र असते. त्यात कोणतेही बटण न पाहता ओळखता येते.

आईसाठी आम्ही तिचाच जुना फोन निवडला. नवे यंत्र आणायचे नाही, हे या वेळी ठरवले होते. आणखी एक नियम तिने घातला. शिकवताना कोणी तिच्या हातातून फोन घ्यायचा नाही, तोंडाने सांगायचे. शाळेत ती मुलांच्या हातातली पाटी कधी घेत नसे, असे ती म्हणाली. पहिला पूर्ण दिवस टॉकबॅक चालू करणे आणि बंद करणे एवढ्यातच गेला. तो दिवस वाया गेला असे आम्हांला वाटले, पण ते खरे नव्हते. आपण अडकलो तरी बाहेर पडू शकतो ही खात्री पटल्यावर तिची भीती गेली. तिसऱ्या दिवशी आमची सात वर्षांची लेक आणि ती दोघी डोळे मिटून फोन चालवण्याची शर्यत लावत होत्या. त्यात लेक हरत होती.

आवाज ऐकून आईचा पहिला शेरा असा: "ही बाई आपल्याकडची नाही वाटत." यंत्राची मराठी जरा सदाशिव पेठी वळणाची आहे खरी. वेग कमी केला, मग दोघींचे जमले.

आता प्रश्न पुस्तकाचा. आणि आपल्या समाजाने विचार करावा असा मुद्दा येथेच आहे.

महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून वसंत मून यांच्या संपादनाखाली 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर: रायटिंग्ज अँड स्पीचेस' हे खंड काढले. ते पीडीएफ स्वरूपात विनामूल्य मिळतात आणि आपल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये एखादा तरी खंड असतोच. परंतु पीडीएफ म्हणजे मजकूर असेलच असे नाही. पुष्कळदा ते पानाचे केवळ छायाचित्र असते, आणि त्यावर पडदावाचक मौन धरतो. याउलट कोलंबिया विद्यापीठात प्राध्यापिका राहिलेल्या फ्रान्सिस प्रिचेट यांनी 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट' आणि 'द बुद्ध अँड हिज धम्म' यांच्या साध्या मजकुराच्या आवृत्त्या संगणकजाळ्यावर ठेवल्या आहेत. त्या कोणताही पडदावाचक अडखळल्याविना वाचतो. बाबासाहेबांच्या विद्यापीठातून त्यांचा शब्द अंध वाचकाच्या कानापर्यंत पोहोचतो, पण इंग्रजीत.

मराठीची अडचण दुहेरी आहे. एक म्हणजे वरची छायाचित्रे. दुसरी अशी की युनिकोड रूढ होण्याआधी आपली पुस्तके, नियतकालिके, स्मरणिका ज्या जुन्या फॉन्टमध्ये जुळवल्या गेल्या, त्यांत पडद्यावर मराठी दिसे, पण आत इंग्रजी अक्षरांची सरमिसळ साठवलेली असे. असे पान यंत्राने वाचले की अगम्य बडबड ऐकू येते. आणि युनिकोडमध्ये येऊनही एक खोड आपण सोडलेली नाही. 'बुद्ध' या शब्दात आधी द, मग ध. आपल्या असंख्य पत्रकांत, फलकांत, आणि कबूल केले पाहिजे, या मासिकाच्या जुन्या अंकांतही तो 'बुध्द' असा उलटा लिहिलेला आहे. डोळ्यांना दोन्ही सारखेच वाटतात म्हणून कोणाचे लक्ष जात नाही. यंत्र मात्र लिहिले आहे तेच उच्चारते. आईने एका लेखात ते चार वेळा ऐकले आणि फोन बाजूला ठेवून म्हणाली, "तथागतांचं नाव तरी नीट लिहा." संपादक मंडळाच्या कानावर आम्ही हे घातले आहे.

कायदा या बाबतीत वाचकाच्या बाजूने आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. भारताच्या प्रताधिकार कायद्यात २०१२ साली दुरुस्ती झाली. अपंग व्यक्तीच्या खासगी वापरासाठी, शिक्षणासाठी वा संशोधनासाठी पुस्तक वाचनसुलभ रूपात आणता येते, त्यासाठी हक्कधारकाची परवानगी लागत नाही. त्यामागे नफ्याचा हेतू मात्र नसावा. २७ जून २०१३ रोजी मराकेश येथे आंतरराष्ट्रीय करार झाला, त्याने अशी पुस्तके एका देशातून दुसऱ्या देशात पाठवण्याचा मार्ग मोकळा केला. त्याला सर्वांत आधी, २०१४ च्या जूनमध्ये, मान्यता देणारा देश भारत होता, आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात संयुक्त अरब अमिरातीनेही ती दिली. म्हणजे आपल्या दोन्ही घरांना हा करार लागू आहे. भारतात 'सुगम्य पुस्तकालय' हे ऑनलाइन ग्रंथालय २४ ऑगस्ट २०१६ रोजी सुरू झाले. छापील मजकूर वाचता न येणाऱ्या व्यक्तीला नोंदणी करून तेथील पुस्तके मिळतात. आपल्या नात्यातील अशा माणसाचे प्रमाणपत्र काढले नसेल तर ते आधी काढावे, कारण पुढची दारे त्यानेच उघडतात. त्यावर 'दिव्यांग' लिहिले असो वा येथल्यासारखे 'पीपल ऑफ डिटरमिनेशन', आईला त्यात रस नव्हता. नाव गोड करून दिले की हक्क दिल्याचे समाधान देणाऱ्याला मिळते, हे 'हरिजन' शब्द नाकारणाऱ्यांच्या लेकीला कोणी समजावण्याची गरज नाही.

शेवटी आईच्या ग्रंथाचे काम आम्ही घरीच केले. नागपुरात भाच्याने तिच्या स्वतःच्या, पिवळ्या पडलेल्या प्रतीच्या पानांची छायाचित्रे काढली. टेसरॅक्ट या मोफत प्रणालीला मराठी ओळखता येते, तिने त्यातून मजकूर काढला. अशा मजकुरात चुका राहतातच. रफार उडतो, अनुस्वार गळतो, 'घ'चा 'ध' होतो. त्या मूळ छायाचित्राशी ताडून दुरुस्त कराव्या लागतात. ओएसिसमधल्या आपल्या तीन कुटुंबांनी शुक्रवारच्या संध्याकाळी पाने वाटून घेतली. पण खरी मुद्रितशोधक निघाली ती आईच. बावीस वर्षे वाचलेला ग्रंथ तिच्या कानात पक्का बसलेला होता. आवाज चालू असताना ती मध्येच थांबवी आणि सांगे, "इथे एक ओळ सुटली." आम्ही छायाचित्र पाहावे, तर खरोखरच ओळ सुटलेली असे. प्रतीचा जो कोपरा घडी पडून झाकला गेला होता, तो मजकूर तिने तोंडी सांगितला आणि भाच्याने पुन्हा छायाचित्र काढून तो पडताळला.

या दिवसांत एका रात्री तिने बाबासाहेबांच्या शेवटच्या वर्षांचा विषय काढला. त्यांची दृष्टी क्षीण होत चालली होती, प्रकृती साथ देत नव्हती, आणि नानकचंद रत्तू टंकलेखन करीत होते. याच ग्रंथाच्या प्रस्तावनेचे कागद त्यांनी ५ डिसेंबर १९५६ च्या रात्री उशाशी मागवून घेतले होते. "त्यांनाही दिसत नव्हतं नीट," एवढेच ती म्हणाली आणि पुढचे पान लावले.

आषाढी पौर्णिमेच्या चार दिवस आधी ती परतली. ग्रंथाचे खंड जसजसे दुरुस्त होतात तसतसे आम्ही येथून सामायिक फोल्डरमध्ये ठेवतो आणि तिकडे तिच्या फोनवर ते आपोआप उतरतात. तारेवाचून पुस्तक पोहोचण्याचा याहून मोठा उपयोग आम्ही तरी अनुभवलेला नाही. फोनचा चार्जर कोठे आहे हे मात्र तिला अजून रोज शोधावे लागते. त्यावर उपाय म्हणून तिने तो खिडकीच्या गजाला बांधून ठेवला आहे.

विहारात ती पुन्हा वाचकाच्या जागी बसते. एका कानात इअरफोन, आवाजाचा वेग अगदी मंद. एक वाक्य ऐकायचे, थांबवायचे, मग आपल्या आवाजात म्हणायचे. पहिल्या दिवशी दोन पानांना पाऊण तास लागला आणि मागच्या रांगेत कुजबुज झाली. दुसऱ्या आठवड्यात वेळ निम्म्यावर आला, असे भाचा सांगतो. ग्रंथाची छापील प्रतही ती समोर उघडून ठेवते. दिसत काही नाही, पण पान योग्य वेळी उलटते.

परवा रात्री, येथे साडेनऊ वाजता, म्हणजे तिकडे अकरा वाजता, तिचा फोन आला. आम्ही घाबरलो. "पाचव्या खंडात पहिल्या पानावर 'संघ'च्या जागी 'संध' ऐकू येतंय, तीन ठिकाणी. उद्या तेच पान आहे. झोपायच्या आधी दुरुस्त करून पाठवा."